पहिलं बटण ‘होय’चं

“कॉम्प्युटर चुकतो का हो, हुद्दार?” आप्पांनी भर सभेत मला विचारलं.

“कॉम्प्युटर चुकत नाही, आप्पा,” मी म्हणालो. “माणसं चुकतात.”

हे वाक्य मी घरून तयार करून आणलं होतं. कोल्हापूर ते बोरशेत एसटीत दोनदा पुटपुटून पाहिलं होतं, आणि शेजारचा माणूस तेवढ्यात जरा अंग चोरून बसला होता. सभेत मात्र ते झकास वठलं. पंचवीस-तीस माना डोलल्या. मागच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्यांनी “बरुबर हाय” म्हणून दाद दिली. मी दोन्ही खिशांत हात घालून उभा राहिलो. साक्ष द्यायला आलेल्या माणसाने असं उभं राहायचं नसतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

गोष्ट नव्याण्णव सालची. आप्पा म्हणजे शामराव देसाई, बोरशेतच्या भैरवनाथ दूध संस्थेचे चेअरमन. मी श्रीरंग हुद्दार, वय वर्षं चोवीस, कोल्हापुरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचा प्रोग्रॅमर. कंपनी म्हणजे दोन खोल्या, एक मालक, दोन प्रोग्रॅमर आणि एक पंखा. पंखा मालकांच्या खोलीत होता. आम्ही दूध संस्थांना संगणकाचे प्रोग्रॅम करून देत असू, आणि त्या कामात माझा हात धरणारा कुणी नाही असं माझं मत होतं. दुसऱ्या प्रोग्रॅमरचं मत वेगळं होतं, पण त्याला कोण विचारतो.

माझी खरी मिजास डायलॉग बॉक्सची. काम चालू असताना पडद्याच्या मध्यावर एक छोटी चौकट उगवते, काहीतरी विचारते आणि खाली दोन बटणं दाखवते, ती. तयार मिळणारी चौकट फक्त इंग्रजी बोलायची. तिला मराठी अक्षरं दिली की पडद्यावर नुसता शेवयांचा गुंता दिसायचा. म्हणून मी माझी स्वतःची चौकट बनवली होती. राखाडी पाटी, ठसठशीत मराठी अक्षरं, डाव्या बाजूला पिवळा त्रिकोण आणि उगवताना ‘टिंग’ असा आवाज. त्या आवाजासाठी मी दोन दिवस घालवले होते. आईला मुद्दाम ऑफिसात बोलावून तो ऐकवलाही होता. ती म्हणाली, “देवघरातल्या घंटेसारखा वाटतो,” आणि मला ती पावती वाटली.

बोरशेतच्या प्रोग्रॅममध्ये ही चौकट एका ठिकाणी फार महत्त्वाची होती. दूध घालायला माणसं सकाळ-संध्याकाळ यायची. संभा डोंगळे नावाचे टेस्टर दुधात काचेची डिग्री, म्हणजे दुधाचा दाटपणा मोजायची नळी, सोडायचे, आकडा बघायचे आणि संगणकात टाकायचे. आकडा सत्तावीसच्या खाली गेला, म्हणजे दूध पातळ निघालं, की माझी चौकट टिंग करून विचारायची: ‘दुधात भेसळ आढळली काय?’ अपेक्षा अशी, की टेस्टरने त्या सभासदाला थांबवावं, दूध पुन्हा तपासावं आणि मग विचार करून होय किंवा नाही दाबावं. पंधरा दिवसांत सात वेळा ‘होय’ आलं, की संगणक ते नाव आपोआप छापायचा. छापलेलं नाव संस्थेच्या फळ्यावर जायचं. ही शेवटची युक्तीही माझीच, आणि तिच्यावर आप्पा फार खूश होते.

तर त्या रविवारी दुपारी साडेचारची सभा एका नावासाठी होती. आक्काताई केरबा चौगुले. अकरा दिवसांपूर्वी त्यांचं नाव फळ्यावर लागलं होतं, त्या दिवसापासून त्यांचं दूध घेणं बंद झालं होतं, आणि आज त्यांचं सभासदत्व कायमचं रद्द करायचं होतं. गावात दुसरी डेअरी नव्हती. त्या कबूल होत नव्हत्या म्हणून आप्पांनी मला बोलावून घेतलं होतं. मी संगणकाच्या बाजूने साक्ष द्यायला आलो होतो.

आक्काताई दाराला पाठ लावून उभ्या होत्या. चाळिशीच्या अल्याडपल्याडच्या, उन्हानं रापलेल्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला. माझं वाक्य त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“मग माझी म्हस चुकती व्हय, साहेब?” त्या म्हणाल्या.

लोक हसले. मीही हसलो. त्या हसल्या नाहीत.

“आप्पा, माझ्या लग्नाला बावीस वरसं झाली,” त्या म्हणाल्या. “ह्या गावात कुणाच्या बांधावरची काडी उचलली न्हाई. आन् आता फळ्यावर लिवलंय, ‘दुधात पाणी घालणारे सभासद’. खाली नाव एकच. नळाला गेलं की बायका आपली घागर बाजूला सारत्यात. माझ्या घागरीला लागली तर त्यांचं पाणी बी खोटं हुईल जणू.”

“आक्के, मी काय म्हणतो,” आप्पा समजुतीच्या सुरात म्हणाले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. “एकदा चुकलं म्हणून टाक. एक महिना दूध बंद ठेवू, फुडं बघू.”

“जे केलं न्हाई ते चुकलं कसं म्हणू?”

“मशीन म्हणतंय.”

“मशीनला माझं काय ठावं? म्हस भाईर हुबी हाय, आप्पा. धार हितंच काढायची, तुमच्या समद्यांफुडं. मग मशीनला दावा आन् काय म्हणतंय ते बघा.”

सगळे एकदम खिडकीकडे वळले. खरोखरच अंगणात म्हैस उभी होती, आणि तिच्यामागे रेडकू. सभेच्या विषयपत्रिकेत म्हैस नव्हती, पण तिला नाही म्हणायचं धाडस कुणात दिसेना. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

“होऊन जाऊ द्या,” मी म्हणालो. “प्रात्यक्षिक होईल.” मला तर संधीच वाटली. आजवर माझी चौकट एवढ्या प्रेक्षकांसमोर कधी उगवली नव्हती.

सभा अंगणात आली. आधी आक्काताईंच्या किटलीची तपासणी झाली. ती उलटी करून दाखवली, चार जणांनी आत हात फिरवून पाहिला, आणि मघाशी मला दाद देणाऱ्या म्हाताऱ्यांनी ती कानाला लावून हलवूनही बघितली. आत काही नव्हतं. मग आक्काताई म्हशीपाशी उकिडव्या बसल्या, पण म्हैस काही पान्हा सोडेना. एवढ्या लोकांत ती बिचकली होती.

“आप्पा, जरा मागं सरा,” आक्काताई म्हणाल्या. “तिला टोपीचं भ्या वाटतंय.”

आप्पा मागं सरले. म्हशीनं मान वळवली. आप्पांनी टोपी काढून खिशात ठेवली आणि ते म्हशीकडे न बघता आभाळाकडे बघत उभे राहिले. रेडकाला दोन घोट पाजले, आक्काताई म्हशीच्या पाठीवर थोपटत काहीतरी हळू बोलत राहिल्या, आणि शेवटी एकदाची किटलीत धार वाजली. तोवर दहा मिनिटं गेली होती. एवढा वेळ चेअरमन, संचालक आणि सभासद गप्प उभे राहिलेले मी पुन्हा कधी पाहिले नाहीत.

दूध आत आलं. मी संगणकाशेजारी उभा राहून लोकांना समजावून सांगू लागलो. आता संभाआण्णा डिग्री सोडतील. आता आकडा टाकतील. आकडा चांगला आला, तर यांच्यावरचा आळ खोटा. कमी आला, तर पडद्यावर एक प्रश्न येईल. मी जादूचे प्रयोग करणाऱ्यासारखे हातवारेही करत होतो, असं नंतर मला सांगण्यात आलं.

संभाआण्णांनी डिग्री सोडली. ती खाली गेली, थोडी डुचमळली आणि थांबली.

“पंचवीस,” ते म्हणाले.

खोलीत कुजबुज झाली. सगळ्यांसमोर काढलेलं दूध, आणि पंचवीस.

“व्हनारच की,” मागचे म्हातारे म्हणाले. “तिच्याकडं रान कुठाय? ऊसतोडीच्या मागं फिरून उसाच्या शेंड्यांचं वाडं गोळा करती. पेंडीचं तोंड बघितलं न्हाई म्हशीनं. नुसत्या वाड्यावर डिगरी उतरणारच.”

हे मला ठाऊक नव्हतं. म्हैस काय खाते यावर डिग्री अवलंबून असते, हे मी दूध संस्थांचे सात प्रोग्रॅम लिहूनही कुणाला विचारलेलं नव्हतं. पण म्हटलं, हरकत नाही, त्यासाठीच तर चौकट आहे. तपासा आणि नाही दाबा.

संभाआण्णांच्या डाव्या हातात काचेचं भांडं होतं. उजवा हात त्यांनी कमरेच्या फडक्याला पुसला आणि दोन बोटांनी आकडा टाकला. टिंग झालं. माझी चौकट उगवली. पिवळा त्रिकोण, ठसठशीत अक्षरं. आणि मी “बघा” म्हणून बोट दाखवेपर्यंत आण्णांचा अंगठा एंटरवर पडला आणि चौकट गेलीसुद्धा. त्यांनी पडद्याकडे पाहिलंदेखील नाही. ते भांड्यातलं दूध परत किटलीत ओतत होते.

प्रिंटर करकरला. आप्पांनी कागद फाडून घेतला, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं.

“आक्काताई केरबा चौगुले. डिग्री पंचवीस. भेसळ, होय.”

मग म्हातारे म्हणाले, “म्हंजी म्हशीनंच पाणी घातलं म्हणायचं.”

खोलीत हशा फुटला. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसत होती. आक्काताई मात्र तशाच उभ्या होत्या, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या.

काय झालं होतं ते मला आत्ता, या क्षणी कळलं होतं, आणि ते फक्त मलाच कळलं होतं. म्हणून मग मी माझ्या आयुष्यातलं दुसरं मौल्यवान वाक्य बोललो.

“ही ऑपरेटरची चूक आहे,” मी म्हणालो. “प्रश्न न वाचता एंटर दाबलं. मी म्हणालो होतो, माणसं चुकतात.”

हसणं थांबलं. सगळे संभाआण्णांकडे बघू लागले. आण्णा वीस वर्षं त्या खुर्चीत होते. त्यांनी भांडं खाली ठेवलं, हात पुसले आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, पयलं एंटर मारलं की ‘न्हाई’ व्हायचं.”

“कधी पहिलं?”

“पयल्या महिन्यात. नुसतं चाललंय का बघत हुता तवा. माझ्या फुडं दीडशे माणूस हुबा असतंय. एक हात दुधात, एक हात यंत्रावर. तुमचा टिंग करणारा डबा आला की एंटर मारायचं आन् फुडचा माणूस घ्यायचा, ह्यो माझा हात बसल्याला. खरंच पाणी दिसलं तर मी थांबून बघायचो. तुमी कवा उलटं केलं मला काय म्हाईत? मला कुणी सांगितलं?”

कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं मीच होतं.

झालं होतं असं. पहिल्या महिनाभराच्या चाचणीत माझ्या चौकटीवर आधी ‘नाही’ होतं आणि मग ‘होय’. पहिल्या बटणाभोवती गडद किनार होती. ज्या बटणाला गडद किनार, ते एंटर मारलं की आपोआप दाबलं जातं. घातक उत्तर सहज हाताखाली ठेवू नये, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि ते इमानेइतबारे पाळलं होतं. मग उद्घाटनाचा दिवस आला. संगणकाला हार घातला, पडद्याला कुंकू लावलं, नारळ फुटला आणि आप्पांनी पहिल्यांदा माझी चौकट नीट पाहिली. त्यांचा चेहरा उतरला. “पयलं बटणच ‘नाही’चं?” ते म्हणाले. “चांगल्या कामाला सुरवात न्हाईनं? हुद्दार, आधी होय पाहिजे बघा.”

मी त्यांच्यासमोर पाच मिनिटांत बदल करून दिला. बटणं हलवायचा कंटाळा केला. बटणांवरचे शब्द आणि त्यांच्यामागचं काम तेवढं अदलाबदल केलं. गडद किनार जिथं होती तिथंच, पहिल्या बटणाला, राहिली. आता एंटर म्हणजे होय. पाच मिनिटांत काम केलं म्हणून आप्पांनी माझ्या डोक्याला फेटा बांधला, आणि तो घालून मी एसटी स्टँडवर तासभर मिरवलो. त्यानंतर बरोबर चौथ्या दिवशी संगणकानं आक्काताईंचं नाव छापलं. चार दिवस, आठ वेळा दूध, रोज पंचवीस-सव्वीस, रोज टिंग, रोज संभाआण्णांचा अंगठा.

आता आप्पांवर ढकलायची सोय होती, हे मी कबूल करतो. “तुम्हीच म्हणालात” एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण संभाआण्णांवर ढकलून मी नुकताच तोंडावर आपटलो होतो. शिवाय आप्पांनी कागद हळूच टेबलावर ठेवला होता आणि खिशातली टोपी काढून ते तिच्याकडे बघत होते. त्यांना आठवलं होतं.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. “आक्काताईंनी पाणी घातलं नव्हतं. आण्णांचीही चूक नाही. प्रश्न मी तयार केला आणि त्याचं उत्तरही मीच आधी ठरवून ठेवलं. उद्घाटनाच्या दिवशी बटणं बदलली, तेव्हा मी ते तपासलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही.”

पुढं बरंच काही होईल असं मला वाटलं होतं. मालकांना फोन जाईल, नोकरी जाईल, निदान कुणीतरी शिवी तरी देईल. तसलं काही झालं नाही. आप्पांनी टोपी घातली. “फळा पुसा,” ते म्हणाले. “आक्के, उद्या सकाळधरनं दूध घेऊन ये. सभा संपली.” एकजण ओला बोळा घेऊन बाहेर गेला. माणसं पांगली. अकरा दिवसांचा विषय अर्ध्या मिनिटात मिटला, आणि खरं सांगायचं तर मला फार हलकं वाटलं. मी बॅगेतून फ्लॉपी काढली, किनार दुसऱ्या बटणावर नेली, तीन वेळा एंटर मारून पाहिलं आणि बॅग उचलली.

आक्काताई अजून दारातच होत्या.

“झालं, ताई,” मी म्हणालो. “फळा पुसला.”

“फळा पुसला,” त्या म्हणाल्या. “घरातलं कोण पुसणार? चला माझ्याबरं. हितं जे बोलला ते घरात येऊन बोला.”

“माझी सहाची एसटी आहे.”

“सातला बी हाय.”

अशी आमची वरात निघाली. पुढं म्हैस, मागं रेडकू, त्यामागं किटली घेतलेल्या आक्काताई आणि सगळ्यांत मागं बॅग सावरत, शेण चुकवत मी. वाटेत मी त्यांना दोनदा “मला फार वाईट वाटतंय” असं म्हणालो. पहिल्यांदा त्यांनी ऐकलं नसावं असं वाटलं म्हणून दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “हितं चिखल हाय, बघून.”

घर म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढं छपरी. छपरीत केरबा चौगुले दोरी वळत बसले होते. सभेला ते आले नव्हते. अकरा दिवस ते गावात फारसे फिरकलेच नव्हते, हे मला नंतर कळलं. त्यांनी मान वर केली, माझ्या बॅगेकडे पाहिलं आणि पुन्हा दोरी वळायला लागले.

“ह्ये कॉम्प्युटरवालं साहेब,” आक्काताई म्हणाल्या. “ऐका ते काय म्हणत्यात.”

मी बसलो. शेजारी पाण्याचं पिंप होतं. त्यात वाकून पाहिल्यावर आतल्या बाजूला चुन्याची एक रेघ दिसली. त्याच्या थोडं खाली आणखी एक. कुणीतरी पाण्याच्या पातळीची खूण करून ठेवली होती.

“हे काय?” मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

केरबांनी दोरीला आणखी एक पीळ दिला. आक्काताईंनी म्हैस खुंट्याला बांधली आणि पाठमोऱ्या राहूनच सांगितलं. “ह्यांनीच मारल्यात, नाव लागलं त्या सांजंपासनं. धारंच्या आधी एक रेघ, धारंनंतर दुसरी. किती पाणी कमी झालं त्ये बघाय. दूध घेत न्हाईत तरीबी रेघ हाय.”

मला तिथून उठून पळावंसं वाटलं. मी त्या पिंपाकडे पाठ करून बसलो आणि केरबांना समजावून सांगायला लागलो. डिफॉल्ट बटण म्हणालो, मग फोकस म्हणालो, मग माझ्याच लक्षात आलं की मी अजूनही हुशारी दाखवतोय. थांबलो. पुन्हा सुरुवात केली. यंत्रात एक प्रश्न येतो. खाली दोन उत्तरं असतात. आण्णांना घाई असते, ते न बघता एक कळ दाबतात. ती दाबली की आधी ‘नाही’ व्हायचं, मी बदल केला आणि ‘होय’ व्हायला लागलं. रोज. तुमच्या घरच्यांनी काहीच केलेलं नाही. आज सगळ्यांसमोर म्हशीचं दूध काढलं, तरी यंत्र होयच म्हणालं.

केरबांची दोरी थांबली होती.

“म्हंजी डबाच इचारतोय,” ते सावकाश म्हणाले, “आन् उत्तर बी डबाच देतोय.”

“हो. मीच तसं करून ठेवलं होतं.”

“आन् आण्णा?”

“ते पुढच्या माणसाचं दूध घेत होते.”

“आन् आप्पा?”

“त्यांनी छापलेलं वाचलं.”

केरबांनी दोरीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मला वाटलं, आता मला काहीतरी बोलतील, आणि बोलावंच असं वाटत होतं.

“मग हिला कुणीच इचारलं न्हाई,” ते म्हणाले.

“नाही,” मी म्हणालो. प्रश्न मी लिहिला होता, अक्षरं मी निवडली होती, आवाजासाठी दोन दिवस घालवले होते. तो प्रश्न ज्या माणसाला विचारायचा, तो माणूस माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. सभेत तर मी आक्काताईंसमोरच उभा होतो, खिशांत हात घालून.

केरबांनी दोरी खाली ठेवली. त्यांची नजर पिंपाकडे गेली आणि तिथून बायकोकडे. घसा खाकरून त्यांनी विचारलं,

“तू घातलंवतंस का पाणी?”

आक्काताई रेडकाला सोडत होत्या. त्यांचे हात थांबले. त्या वळल्या, आणि इतका वेळ सभेत, म्हशीपाशी, रस्त्यावर एकदाही न हललेला त्यांचा आवाज आता हलला.

“अकरा दिस एका ताटात जेवलासा,” त्या म्हणाल्या. “आन् आत्ता इचारताय व्हय?”